धूळ, माइट आणि पायाखालची फरशी

धुळीची ॲलर्जी असलेल्याने घरात कुठली फरशी घालावी, हा प्रश्न तसा नवा आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्दच १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरने घडवला. त्याआधीही लोक शिंकत होते, त्यांना धाप लागत होती, पण त्या त्रासाला हे नाव नव्हतं.

पुढचा टप्पा १९२२ चा. रॉबर्ट कुक या अमेरिकन डॉक्टरने मांडलं, की दम्याच्या अनेक रुग्णांना घरातली धूळच बाधते आणि त्या धुळीत काहीतरी खास असतं. ते काय, हे त्यालाही सांगता आलं नाही. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत फेरोजशा सिधवांनी स्वदेशीच्या भावनेतून भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली. सिमेंटच्या रंगीत, नक्षीदार लाद्या इथेच बनू लागल्या. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत त्या काळच्या लाद्या अजून दिसतात.

त्याआधी आपल्याकडे काय होतं? गावात सारवलेली जमीन, जिचे पोपडे सुटून पुन्हा धूळच व्हायची. वाड्यांत कोबा. आणि कलबुर्गीजवळच्या शहाबादहून येणारी करडी शहाबादी फरशी. यातली कुठलीही निवड ॲलर्जीचा विचार करून झालेली नव्हती. जे जवळ मिळतं, परवडतं आणि उन्हाळ्यात गार राहतं, ते लोकांनी घातलं.

कुकचं कोडं सुटलं १९६४ च्या सुमारास, नेदरलँड्समधल्या लायडनला. फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांना दिसलं, की धुळीतला गुन्हेगार म्हणजे माइट हा जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा जीव. तो आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतो आणि पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. म्हणून दमट घरांत तो जास्त. १९८१ मध्ये आणखी उलगडा झाला: ॲलर्जी करणारं प्रथिन मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांत असतं. हे कण तसे जड असतात. कुणी धूळ उडवली की ते हवेत येतात आणि पुन्हा लवकर खाली बसतात.

इथे फरशीचा संबंध येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः जॉर्जियातल्या डाल्टन गावाच्या गिरण्यांमुळे, भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट स्वस्त झालं. कार्पेट म्हणजे माइटसाठी कोंड्याचं कोठार आणि लपायला जंगल. तिकडे राहायला गेलेल्या आपल्या अनेकांच्या वाट्याला भाड्याच्या घरात तेच येतं. गुळगुळीत लादीवर त्याला थारा नाही, धूळ दिसते आणि ओल्या फडक्याने निघते.

मी स्वतः सकाळी उठल्यावर पंधरा-वीस शिंका देणारा माणूस. घर घ्यायचं ठरलं तेव्हा या इतिहासातून माझ्यापुरते तीन नियम काढले. एक, बेडरूममध्ये कार्पेट नाही. व्हिट्रिफाइड किंवा सिमेंटची लादी, मोठ्या मापाची, म्हणजे सांधे कमी. दोन, कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओलं पुसणं, आणि पावसाळ्यात पुसल्यावर पंखा लावून लादी सुकवणं. तीन, सगळं बजेट फरशीवर उधळायचं नाही.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. माइटचं खरं माहेरघर गादी आणि उशी. तिथे आपण रोज सात-आठ तास नाक खुपसून झोपतो. लाखभराची इटालियन मार्बल घातली आणि दहा वर्षांची कापसाची गादी तशीच ठेवली, तर शिंका थांबणार नाहीत. घट्ट विणीचं, चेन असलेलं कव्हर आणि आठवड्याला गरम पाण्यात धुतलेल्या चादरी, हा खर्च फरशीच्या मानाने किरकोळ आहे.

गंमत एवढीच, की ॲलर्जीचं विज्ञान कळायच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी रोज लादी पुसायची आणि गाद्या गच्चीवर उन्हात टाकायची सवय लावली होती. उन्हाने गादी कोरडी होते, आणि कोरडेपणा माइटला सोसत नाही. टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या.