गणकयंत्राचें वाक्यपृथक्करण

वाक्यपृथक्करणाच्या तासाला आपणांपैकीं पुष्कळांनीं छड्या खाल्ल्या असतील. तोच धडा १९६० च्या सुमारास गणकयंत्र गिरवूं लागलें, तेव्हां त्याची काय गत झाली तें आज सांगावयाचें आहे.

‘रामानें धावत येणाऱ्या गोविंदाला हांक मारली.’ यांत धावत कोण होता? आपण प्रसंग पाहून निवाडा करतों. यंत्राला दोन्ही अर्थ चाळावे लागतात. हार्वर्ड विद्यापीठांत सुसुमु कुनो व अँथनी ओटिंगर यांनीं इंग्रजी वाक्याच्या अशा सर्व वाटा धुंडाळणारी योजना रचली. रशियन ग्रंथांचें भाषांतर यंत्रानें व्हावें या अमेरिकन सरकारच्या हव्यासापोटीं असल्या कामांना त्या काळीं पैसा मिळे. १९६६ च्या चौकशी-अहवालानंतर तो ओघ आटला. अडचण होती ती वेळेची. वाट चुकली कीं यंत्र मागें फिरे, आणि आधीं बिनचूक जुळविलेले शब्दसमूहही विसरून पुन्हां जुळवीत बसे. कुनोनें स्वतःच १९६५ मध्यें निष्फळ वाटा छाटण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

हा पसारा केवढा असतो? नुसत्या दोन-दोनांच्या जोड्या लावीत गेल्यास वीस शब्दांचें वाक्य १ अब्ज ७६ कोटी ७२ लाख ६३ हजार १९० तऱ्हांनीं बांधतां येतें! व्याकरण त्यांतल्या बहुतेक बाद करतें, हें खरें. पण त्या वाक्यांत सलग शब्दसमूह अवघे २१० असतात. प्रत्येकाचा निकाल एकदांच लावून तक्त्यांत टिपला, तर मोठ्या समूहाचा निर्णय लहानांच्या नोंदींवरून होतो. समूह कोठें तोडावा, याच्या तपासण्या सगळ्या मिळून १,३३० भरतात. खतावणी ठेवणाऱ्या वाण्याला यांत नवल वाटणार नाहीं.

ही कल्पना अमेरिकेचे जॉन कॉक व डॅनियल यंगर आणि जपानचे तादाओ कासामी यांना वेगवेगळी सुचली. वाक्य दुप्पट लांबलें तरी श्रम फार तर आठपटच वाढतात, हें यंगरच्या १९६७ च्या निबंधांत सिद्ध झालें. मात्र व्याकरणाचे नियम आधीं जोडीच्या सांच्यांत बसवावे लागत. १९६८ मध्यें जे अर्ली यानें कार्नेगी-मेलन विद्यापीठाच्या प्रबंधांत तीही अट काढून टाकली; द्व्यर्थ नसलेल्या व्याकरणांत तर त्याच्या रीतीनें श्रम चौपटीवरच थांबतात. पुढें हा गृहस्थ मानसोपचाराकडे वळला!

तक्त्यांत मात्र राम आणि गोविंद या दोघांचेंही धावणें नोंदलेलें राही. त्यांतलें एक निवडण्यासाठीं पुढें पृथक्करण केलेल्या हजारों वाक्यांची मोजदाद करावी लागली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा तसा मोठा संग्रह १९९३ मध्यें जाहीर झाला.