अटलांटा, गंजाड आणि नियम क्रमांक चार

आमचं माहीम मुंबईतलं नव्हे, पालघरजवळचं. केळवे-माहीम म्हटलं की लोकांना कळतं. पानमळ्यांचं गाव. इंग्रजी अमदानीत तालुक्याचं नावच माहीम होतं, आणि १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये ते तसंच छापलेलं आहे. पुढे रेल्वेच्या बाजूला वस्ती वाढली आणि तालुका पालघरच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आमच्याकडे उरलं ते एवढंच, की पत्ता सांगताना ‘मुंबईचं नव्हे’ हे दोन शब्द अगोदर लावायचे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या उत्साहात आम्ही काही मंडळींनी शाळकरी आणि तरुण मुलांसाठी वारली चित्रांची स्पर्धा घ्यायचं ठरवलं. मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. इतिहासाचं वाचन शिफ्ट सांभाळून, पदवी वगैरे काही नाही. पण ‘तुम्ही लिहिता ना, मग नियम तुम्हीच लिहा’ असं ठरलं आणि नियमांचा कागद माझ्याकडे आला. आठ नियम लिहिले. चौथा असा: ‘चित्राचा विषय पारंपरिक असावा. आधुनिक विषय ग्राह्य धरले जाणार नाहीत.’

परीक्षक आम्ही तिघे. तिघांतला एकही वारली नव्हता. हे वाक्य आज लिहिताना बोचतं. त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नाही.

चित्रं एकंदर बरी होती. तारपा नाच, शेतीची कामं, लग्नाचा चौक. सतरा क्रमांकाचं चित्र एका दहावीतल्या मुलीचं होतं. तारपा नाचात माणसांची जशी वर्तुळाकार साखळी असते तशीच साखळी तिनेही काढली होती, पण मधोमध तारपावाला नव्हता, पाण्याचा टँकर होता. साखळी हंडे घेतलेल्या बायकांची. एका कोपऱ्यात कंपनीची बस, आणि तिच्या दारात चढणाऱ्या पोरी. आम्ही तिघांनी ते चित्र दोन मिनिटं पाहिलं. एक परीक्षक म्हणाले, ‘हात चांगला आहे.’ मी म्हणालो, ‘नियम चार.’ आणि बाजूला ठेवलं.

बक्षीस समारंभानंतर ती मुलगी माझ्याजवळ आली. भांडायला नव्हे, विचारायला. ‘सर, आमच्या पाड्यावर रोज टँकर येतो. तो कधी पारंपरिक होणार?’ मी हसलो आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालो. पुढच्या वर्षी स्पर्धा झालीच नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला बरंच उशिरा आणि भलतीकडे सापडलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना, हे आपण सगळे जाणतो. त्या धाग्याने मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे वळलो होतो, आणि वाचता वाचता चित्रस्पर्धांपाशी पोचलो. तिथे पाहतो तो आमचा नियम चार माझ्या जन्माच्याही आधी लोकांनी भोगून, त्यावर भांडून झालेला.

गोष्ट सुरू होते विल्यम हार्मन या जमीनजुमल्याच्या व्यवसायात पैसा कमावलेल्या गोऱ्या गृहस्थापासून. त्याने १९२२ मध्ये प्रतिष्ठान काढलं आणि १९२६ पासून कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वासाठी पारितोषिकं सुरू केली. साहित्य, संगीत, विज्ञान, उद्योग आणि त्यांच्या जोडीला चित्रकलाही. चित्रकलेचं पहिलं सुवर्णपदक आणि ४०० डॉलर पामर हेडनला मिळाले. हेडन न्यूयॉर्कमध्ये खिडक्या पुसण्यासारखी साफसफाईची कामं करून चित्रं काढायचा. त्याच्या चित्रांत शिडाची गलबतं होती. (सातपाटीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला याचं जरा जास्तच अप्रूप वाटतं, ते क्षम्य मानावं.) वर्तमानपत्रांनी मात्र गलबतांपेक्षा खिडक्यांचंच कौतुक केलं. हेडन त्या पैशांवर १९२७ मध्ये पॅरिसला गेला. त्याच वर्षीचं कांस्यपदक हेल वुड्रफ नावाच्या तरुणाला मिळालं होतं, आणि तोही पॅरिसला गेला. त्याच्याकडे परत यायचं आहे.

हार्मनचं ऋण नाकारता येत नाही. कला शिकायला निघालेल्या कृष्णवर्णीयाला तेव्हा दारं बंद होती. १९२३ मध्ये ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार मुलीला फ्रान्समधल्या एका उन्हाळी वर्गासाठी केवळ वर्णामुळे नाकारलं गेलं होतं. अशा काळात कुणीतरी पैसे देतो, १९२८ पासून प्रदर्शनं भरवतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण निवड करणाऱ्यांत वजन गोऱ्यांचं. आणि चित्रांत ‘वंशाचं’ काहीतरी खास दिसलं पाहिजे, ही अपेक्षा प्रदर्शनांभोवतीच्या चर्चेत सारखी डोकावायची. १९३४ मध्ये रोमेअर बेअर्डन या तेवीस वर्षांच्या चित्रकाराने ‘ऑपर्च्युनिटी’ मासिकात याचा जाहीर समाचार घेतला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, हे प्रतिष्ठान आमच्या चित्रकारांना लहान मुलांसारखं गोंजारतं, साध्यासुध्या कामाचंही कौतुक करतं, आणि त्यामुळे आमचा चित्रकार स्वतःच्या भोवतालाकडे धड पाहायला शिकत नाही. हा लेख वाचताना मी मध्येच थांबलो. गोंजारणं आणि नाकारणं या दोन गोष्टी मी आजवर उलट समजत होतो. सतरा क्रमांकाच्या चित्राला आम्ही त्या दोन्ही गोष्टी एका वाक्यात केल्या होत्या.

आता वुड्रफ. तो १९३१ मध्ये अटलांटा विद्यापीठात शिकवायला आला. हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ, दक्षिणेतलं, जिथे बसपासून वाचनालयापर्यंत सगळं वर्णानुसार वेगळं. वुड्रफ विद्यार्थ्यांना भोवतालची झोपडवस्ती, लाल माती, गरिबांची घरं काढायला लावायचा. त्यांच्या चित्रांत परसातले संडास इतक्यांदा दिसायचे की लोकांनी त्यावरूनच त्यांच्या शैलीला थट्टेचं नाव दिलं. याच विद्यापीठात डु बॉइस १९३४ ते १९४४ शिकवत होते, म्हणजे ज्यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जासंबंधी पत्र लिहिलं तेच.

१९४२ मध्ये वुड्रफने तिथे कृष्णवर्णीय चित्रकारांसाठी देशव्यापी वार्षिक स्पर्धा-प्रदर्शन सुरू केलं. परीक्षक मंडळ, निवड, क्रमांक, सगळं रीतसर. तिच्या आदल्याच वर्षी काय घडलं होतं ते सांगितलं म्हणजे गरज कळेल. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाच्या स्पर्धेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९४१ मध्ये लोइस मेलू जोन्स या चित्रकर्तीने आपलं चित्र एका गोऱ्या मैत्रिणीच्या हातून पाठवलं. चित्राला पारितोषिक मिळालं, पण ते घ्यायला उघडपणे जाता येईना. या गोष्टीबद्दल त्या कलादालनाने जाहीर माफी मागितली १९९४ मध्ये. जोन्सबाई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. माफी ऐकायला त्या हयात होत्या, हेच नशीब.

अटलांटाच्या स्पर्धेवरही टीका झाली. वेगळी स्पर्धा म्हणजे आपणच आपली वेगळी पंगत मांडणं, असा आक्षेप होता. तो मला पूर्ण खोडता येत नाही. वेगळी पंगत काय असते हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. पण वुड्रफने एक गोष्ट अशी केली होती की तिच्यामुळे सगळाच हिशोब बदलतो. तिथलं पारितोषिक पदकाचं नव्हतं, खरेदीचं होतं. क्रमांक आला म्हणजे विद्यापीठाने चित्राचे पैसे मोजले आणि चित्र विद्यापीठाच्या संग्रहात गेलं. चित्रकाराच्या हाती पैसे पडले, आणि चित्र तिथल्या मुलांच्या नजरेसमोर राहिलं. १९४६ मध्ये वुड्रफ न्यूयॉर्कला निघून गेला, तरी स्पर्धा थांबली नाही. १९७० पर्यंत २९ प्रदर्शनं झाली आणि ९०० हून अधिक चित्रकार-शिल्पकारांनी भाग घेतला. एलिझाबेथ कॅटलेट, चार्ल्स व्हाइट, जॉन विल्सन ही नावं तिथल्या विजेत्यांत आहेत. तो संग्रह आज क्लार्क अटलांटा विद्यापीठाच्या कला संग्रहालयात आहे. स्पर्धा बंद पडून अर्धशतक उलटलं, पण संग्रह जागेवर आहे.

हे वाचून मी गंजाडकडे पाहू लागलो. गंजाड डहाणू तालुक्यातलं, जिव्या सोमा म्हशे यांचं. वारली चित्र हे मुळात लग्नघरातलं, सवाशिणींच्या हातचं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढायचा, मधोमध पालघट देवी, आणि धवलेरीची गाणी चाललेली. लग्न झालं की त्या चित्राचं काम संपलं. भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या वतीने या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारेही तेच. इथेही त्यांनी कागद दिले, आणि त्यांना सापडले जिव्या म्हशे, लग्नाचं निमित्त नसतानाही चित्रं काढणारा एक पुरुष. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इथे जरा बारकाईने पाहायला हवं. हा राष्ट्रीय पुरस्कार हस्तकलेच्या कारागिरांसाठीचा. चित्रकारांसाठी ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन १९५५ पासून होतंच, पण ते दार वेगळं. एका दारावर ‘कलावंत’ अशी पाटी, दुसऱ्यावर ‘कारागीर’. कारागिराला परंपरेच्या कसोटीवर तपासतात आणि कलावंताला नवेपणाच्या. म्हणजे आमचा चौथा नियम मी माझ्या डोक्यातून काढलेला नव्हताच. तो हवेत होता, मी फक्त कागदावर उतरवला. म्हशे १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसिअँ द ला तेर’ या प्रदर्शनात जगभरच्या समकालीन चित्रकारांच्या रांगेत होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती कला या विभागात. १५ मे २०१८ रोजी ते गेले. पुरस्कारांची पहिली पिढी बहुतेक पुरुषांच्या नावावर जमा झाली, आणि ज्या सवाशिणींच्या बोटांतून हे सगळं आलं त्यांची नावं मात्र कुठल्या यादीत नाहीत, हे त्यातलं आणखी एक.

राहता राहिला चित्रांचा प्रश्न. वारली चित्रं पॅरिसला आहेत, दिल्लीत आहेत, मुंबईत धनिकांच्या दिवाणखान्यात आहेत. आमच्या पाड्यावरच्या मुलीला आपल्याच लोकांची पन्नास वर्षांतली निवडक कामं एका ठिकाणी पाहायची असतील, तर मी तिला कुठे पाठवू? बसथांब्याच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवरची पाठवता येतील, पण ती बहुधा ठेकेदाराच्या माणसांनी स्टेन्सिलने मारलेली असतात.

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारणं भाग होतं. २०१४ च्या आमच्या स्पर्धेतली चित्रं कुठे आहेत? विजेत्यांना आम्ही ५०१ रुपये, चषक आणि प्रमाणपत्र दिलं होतं. चित्रं ठेवून घेतली होती, तसा सातवा नियमच होता. पैसे मात्र चित्रांचे मोजले नव्हते. मागच्या पावसाळ्याआधी मी माळ्यावर चढलो. तीन पहिल्या क्रमांकाची चित्रं पाहुण्यांना भेट दिली गेली होती, हे एका जुन्या सदस्याला आठवलं. उरलेल्यांचा गठ्ठा सापडला तो वाळवीने खाल्लेला. वरचे कागद हातात घेताच तुटले. मधले काही बरे होते, त्यांत सतरा क्रमांक नव्हता. सापडली ती फक्त परीक्षकांची तक्त्याची वही, आणि तिच्यात माझ्याच अक्षरात: ‘१७ — विषयबाह्य’.

त्या मुलीचा शोध घेतला. तिचं लग्न झालं आहे, ती तलासरीच्या बाजूला असते, आणि अजूनही चित्रं काढते, असं तिच्या मावशीने सांगितलं. मी निरोप ठेवला आहे.

यंदा स्पर्धा पुन्हा घ्यायची, असं मी सुचवलं. तीन परीक्षकांपैकी दोन वारली चित्रकार असावेत, त्यांतली एक बाई. विषयाची अट नको. बक्षिसाऐवजी चित्राची रोख किंमत, आणि घेतलेली चित्रं गावातच, कायम भिंतीवर. पहिल्या तीन गोष्टींना फारसा विरोध झाला नाही. अडलं ते भिंतीपाशी. योग्य, कोरडी, उजेडाची अशी एकच भिंत आहे, आणि तिच्यासमोर आजवरच्या चषकांचं कपाट उभं आहे. ते हलवायला दोघे जण तयार नाहीत. बैठक दिवाळीनंतर परत आहे.