डांबर, ट्यूब आणि शहाबादी: गाडीतल्या शांततेचा मागोवा

हैदराबादहून रविवारी पहाटे निघालेल्या बैठ्या स्पोर्ट्स गाड्या जहिराबादला महामार्ग सोडतात आणि बीदरच्या किल्ल्याकडे वळतात. रस्त्याकडेच्या पोरांना ऐकू येते ती इंजिनाची डरकाळी. आत बसलेल्याच्या कानात मात्र दुसरंच काही घुमत असतं. ताशी पन्नासेक किलोमीटरच्या पुढे साध्या गाडीतसुद्धा इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ होतो. स्पोर्ट्स गाडीत तर टायर रुंद, त्यांची बाजूची भिंत बुटकी आणि ताठ, सस्पेन्शनचे बुश कडक आणि वजन वाचवायचं म्हणून गालिच्याखालचा थर पातळ. शेजारच्याशी ओरडून बोलून घसा बसला की मालक ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि ‘डॅम्पिंग करून द्या’ म्हणतो. सीटा निघतात, गालिचा निघतो. उघड्या पत्र्यावर एका अंगाने चंदेरी आणि दुसऱ्या अंगाने काळी चिकट अशी शीट रोलरने दाबून बसवली जाते.

या शीटचं घराणं शोधायला गेलं तर गंमत दिसते. तिच्यातला जवळजवळ कुठलाच पदार्थ आवाजासाठी जन्माला आलेला नाही. कुणी गळती थांबवायला आला, कुणी हवा कोंडायला, कुणी घराला फरशी म्हणून. शांततेच्या कामावर हे सगळे नंतर रुजू झाले.

सुरुवात अर्थात बैलगाडीपासून. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवली की चाक टिकतं, पण मुरमाच्या रस्त्यावर खडखडाट होतो आणि तो थेट हाडांत शिरतो. बीदरच्या भालकी-औरादकडे काय किंवा कलबुर्गीच्या आळंदकडे काय, त्यावर उपाय एकच होता: गाडीत कडबा पसरायचा, वर घोंगडं अंथरायचं. धनगरांच्या काळ्या लोकरीचं ते जाड घोंगडं हादरे आणि आवाज दोन्ही थोडेफार पिऊन टाकायचं. गालिच्याखाली आज जो नमदा असतो, तो जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून, दाबून केलेला. कुळ तेच. 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने पोराच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि धावेचा खडखडाट जगातून हळूहळू उठला. टायरचा स्वतःचा आवाज असतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. ते कळायला गाड्या वेगात पळाव्या लागल्या.

मोटारीतली शांतता विकली ती रोल्स-रॉईसने. 1907 मधल्या तिच्या चंदेरी गाडीचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ पडलं ते ती भुतासारखी आवाज न करता चालायची म्हणून. बीदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीही एक सिल्व्हर घोस्ट मागवली, आत सिंहासनासारखं आसन असलेली. 1911 मध्ये ते वारले, गाडी त्यानंतर आली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. या गाडीची शांतता अस्तराने आणलेली नव्हती. सहा सिलिंडरांचं, सावकाश फिरणारं मोठं इंजिन आणि प्रत्येक भागाचं काटेकोर घासकाम, एवढ्यावर ती उभी होती. रयतेच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. 1932 मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने 27 बस घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हा सामान्य माणसाला मोटार मिळाली ती आवाजासकट.

खरी अडचण पोलादी पत्र्याने केली. आधी गाडीचा सांगाडा लाकडी आणि छप्पर कापडी किंवा चामडी असायचं. 1920 आणि 30च्या दशकांत गाड्या बंदिस्त झाल्या, अंगभर पोलादाच्या झाल्या. मोठा, सपाट, पातळ पत्रा म्हणजे ढोलाचं चामडंच. चाकाखालचा प्रत्येक खडा त्यावर थाप मारतो. पुढे वेगळी चासी जाऊन तळ, खांब आणि छप्पर एकत्र जोडलेली मोनोकॉक बॉडी आली, आणि सस्पेन्शनमधून चढलेली थरथर अडवायला मध्ये काहीच उरलं नाही.

इथे डांबर आलं. म्हणजे खनिज तेलाच्या गाळातलं बिटुमेन, पण गॅरेजमध्ये त्याला डांबरच म्हणतात. छपराची गळती थांबवायला, तळाला गंज लागू नये म्हणून ते आधीपासून वापरात होतं. पत्र्यावर त्याचा जाड थर दिला की पत्रा ठण्ण न वाजता ठप्प वाजतो, हे कारागिरांच्या हाताला शास्त्राआधी कळलं होतं. शास्त्र 1952 मध्ये आलं. हर्मान ओबर्स्ट या जर्मन संशोधकाने पत्र्यावरचा चिकट थर वाकताना थरथरीची ऊर्जा उष्णतेत कशी बदलतो, याचा हिशेब मांडला. 1959 मध्ये अमेरिकेत एडवर्ड करविनने पुढची पायरी दाखवली: चिकट थरावर ताठ धातूचं पातळ झाकण घाला, म्हणजे मधला थर दोन्हीकडून ओढला जातो, घसटतो आणि कमी वजनात जास्त थरथर खातो. शीटचं चंदेरी अंग ते हेच. ॲल्युमिनियमचं ते झाकण शोभेचं समजून जाड-पातळ न बघता शीट घेणारे बरेच असतात. ते अर्धे पैसे वाया घालवतात.

कारखान्यांत डांबराचे चौकोन गाडीच्या तळावर नुसते ठेवत. रंगाच्या भट्टीत गाडी तापली की ते वितळून आपोआप चिकटायचे. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रमानव ओला लेप फवारतात. दुकानातली स्वस्त शीट मात्र अजून डांबराचीच असते, आणि आमच्या भागात तीच घात करते. कलबुर्गीचा मे महिना 43-44 अंशांचा. उन्हात उभ्या गाडीचं छप्पर आणि दारं त्याहून कितीतरी तापतात. डांबर मऊ होतं, उभ्या पत्र्यावरून सरकतं, आणि गाडीत नव्या रस्त्याचा वास भरून राहतो. युरोपच्या हवेत जे खपून गेलं ते इथे का टिकत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

म्हणून ब्युटिल. हा कृत्रिम रबर 1937 मध्ये अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइलच्या संशोधकांनी बनवला. त्यातून हवा फार सावकाश झिरपते, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापासून टायरच्या ट्यूब त्याच्या होऊ लागल्या. पंक्चरवाल्याच्या खुंटीवर लटकणारी काळी ट्यूब आणि स्पोर्ट्स गाडीच्या तळाला बसलेली महागडी शीट ही सख्खी भावंडं आहेत. गाडीत मोठे स्पीकर बसवणाऱ्या अमेरिकन शौकिनांनी, दारांचा पत्रा गाण्यासोबत थडथडू नये म्हणून, ब्युटिलची शीट लोकप्रिय केली. रस्त्याचा आवाज मारायचं काम तिला त्यानंतर मिळालं.

या घराण्याची एक शाखा थेट कलबुर्गी जिल्ह्यात आहे. मराठी घरांच्या पिढ्यान् पिढ्या ज्या फरशीवर जेवल्या, ती शहाबादी म्हणजे इथला चुनखडक. याच दगडावर शहाबादला सिमेंटचा कारखाना उभा राहिला. शहाबाद सिमेंट कंपनी 1936 मध्ये इतर कंपन्यांबरोबर एसीसी या सिमेंट कंपनीत विलीन झाली. पुढे वाडी, मळखेड, सेडम या पट्ट्यात कारखान्यांच्या चिमण्या वाढल्या. सिमेंट वाढलं तसे काँक्रीटचे रस्तेही वाढले, आणि काँक्रीट डांबरापेक्षा जास्त वाजतं. पावसात पकड राहावी म्हणून त्यावर आडव्या खाचा ओढतात. टायरचे ठोकळे त्यांवर आपटले की एकसुरी शिट्टीसारखा आवाज निघतो. 2002 मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून गेलेल्या कुणालाही हा आवाज ओळखता येईल.

आता दुसरी बाजू. डांबराच्या शीटमध्ये आणि गालिच्याखालच्या जड प्लास्टिकच्या मॅटमध्ये वजन वाढवायला भुकटी घालतात, आणि ती बहुतेकदा चुनखडकाचीच असते. हवेतून येणाऱ्या आवाजाला मुख्यतः वजनच अडवतं: आडोशाचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे एकाच जातीचा दगड खाली रस्त्यात वाजतो आणि वर गाडीत तो आवाज अडवतो.

स्पोर्ट्स गाडीचं घोडं इथेच पेंड खातं. वजन हा तिचा शत्रू. तिचा इतिहास अस्तर घालण्याचा नाही, काढण्याचा आहे. 1990च्या दशकाच्या शेवटी बेंगळुरूच्या सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन सीटांची उघडी गाडी काढली, तिचं अंग फायबरग्लासचं. असं हलकं अंग पत्र्यासारखं ढणढणत नसलं तरी वजनच नसल्याने आवाज सरळ आत सोडतं. पोर्शने 2017 मध्ये ‘911 करेरा टी’ आणली, तेव्हा पातळ काच आणि कमी केलेलं ध्वनिरोधक अस्तर हे तिचे गुण म्हणून सांगितले. कमी माल घालून जास्त दाम घ्यायचा हा धंदा आपल्या किराणा दुकानदारांना अजून जमलेला नाही.

तेव्हा अख्खी गाडी मढवण्यात अर्थ नाही. 2 मिलिमीटरची ब्युटिल शीट चौरस मीटरला 3 ते 4 किलो भरते, आणि मोकळ्या पत्र्याचा तिसरा-चौथा हिस्सा झाकला तरी थरथर बरीचशी मरते. मागच्या चाकांवरच्या कमानी आधी करा, मग डिकीचा तळ, मग सीटांखालचा भाग, दारं शेवटी. छपराला डांबराची शीट तर मुळीच नको. त्याही आधी टायरची हवा आणि झीज तपासा, कारण झिजून करवतीसारखे दाते पडलेल्या टायरचा आवाज कुठलीच शीट झाकत नाही. आणि दारांचं काम करणाऱ्याला बजावून सांगा: तळाशी पावसाचं पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, ती बुजवायची नाहीत.