काँग्रेस गवताची जन्मतारीख

परवा औंधला गेलो होतो. मूळपीठाच्या पायऱ्या चढताना मला धाप लागलेली, आणि सोबतची भाची दर वळणाला खाली बसून गवताचे फोटो काढतेय! तिने बाहेरून आलेल्या, फोफावणाऱ्या वनस्पतींवर नजर ठेवण्याचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलंय. नियम सोपा: पान, फूल, आख्खं रोप, शिवाय जागा आणि तारीख.

"मामा, हे ओळख."

"त्यात काय, काँग्रेस गवत. पीएल-४८० च्या गव्हातून आलं."

"कधी?"

इथे माझी विकेट पडली.

घरी येऊन शोधलं. हे गाजर गवत पुण्यात दिसलं १९५५ च्या सुमारास, शास्त्रीय नोंद छापून आली १९५६ साली. आणि पीएल-४८० खाली भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये! म्हणजे आरोपी गावात यायच्या आधीच चोरी झालेली. अमेरिकन गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, त्यातून बी आलं असेलही. पण ज्या योजनेला आपण इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिची तारीख काही जुळत नाही.

पुढे १९८३ साली मेक्सिकोहून भुंगेरे बंगळूरला आणले, १९८४ साली सोडले. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात. पण एकेका रोपाला हजारो बिया, गवत काही हटलं नाही.

आमची आई हे गवत उघड्या हातांनी उपटायची. दर पावसाळ्यात तिच्या हातांवर, मानेवर चट्टे उठायचे. 'उष्णता' म्हणून ती वर्षानुवर्षं सब्जा पीत राहिली. चट्टे कधी उठतात, त्याआधी ती काय करत होती, हे आम्ही कुणीच टिपून ठेवलं नाही. खूप उशिरा डॉक्टरांनी या गवताचं नाव घेतलं. भाचीचे फोटो बघताना तेच आठवत होतं.

१९३९ साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार लोकांच्या, गावपंचायतींच्या हाती दिला. आपल्या गावाकडे आपणच लक्ष द्यायचं, ही गोष्ट इथे नवी नाही. फोटो आणि तारीख हाही त्यातलाच एक छोटासा कारभार.

असो. तुमच्या अंगणात हे गवत दिसलं तर आधी तारीख लिहा. मग हातमोजे घाला, आणि फुलं यायच्या आत मुळासकट उपटा.