हत्याराची मूठ कोणाच्या हाती?



उभी हयात कामगार चळवळीत गेलेल्या माणसाने संगणकाच्या हत्यारांवर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु हत्याराचा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. एका विणकऱ्याने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ह्या योजनेविरुद्धचा रोष हे त्याचे एक मोठे कारण होते. किती माग एका माणसाच्या माथी मारायचे, हे ठरवताना मागापाशी उभे राहणाऱ्याचे मत कोणी घेतले नव्हते. आज आपल्याच घरांतली मुलेमुली सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत राबतात. त्यांच्या हत्यारांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तोच जुना प्रश्न मला तेथे भेटला.

प्रथम ह्या कामाचे स्वरूप पाहू. बँकेचा किंवा आगगाडीच्या तिकिटाचा व्यवहार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते एकदा लिहिले की काम संपले असे होत नाही. ते लिहावे लागते, त्याचे सुटे भाग जुळवावे लागतात, ते तपासावे लागते, ज्या यंत्रांवर चालायचे ती यंत्रे सज्ज करावी लागतात, मग ते वापरात उतरवावे लागते, आणि पुढे रात्रंदिवस त्यावर पहारा ठेवावा लागतो. पहाऱ्यात जे दिसते त्यावरून पुन्हा लिहिणे सुरू होते. असे हे रहाटगाडगे आहे.

पूर्वी लिहिणारे एका खात्यात असत आणि चालवणारे दुसऱ्या. लिहिणाऱ्याला बदल हवा, चालवणाऱ्याला स्थैर्य हवे. बिघाड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवीत. जून २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथील एका परिषदेत फ्लिकर ह्या छायाचित्रांच्या संकेतस्थळाचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितले, की आमची दोन्ही खाती एकमेकांच्या साहाय्याने दिवसात दहाहून अधिक वेळा नवे काम वापरात उतरवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक देब्वा यांनी बेल्जममधील घेंट शहरी ‘डेव्हऑप्स डेज’ नावाची सभा भरवली. डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्स ह्या दोन शब्दांच्या जोडीतून झालेले ‘डेव्हऑप्स’ हे नाव तेथून रूढ झाले.

आता ह्या प्रत्येक टप्प्याला निराळे हत्यार लागते. बाजारात हत्यारांना तोटा नाही. निवडावे कसे, ह्याचे उत्तर इतिहासाला विचारू.

जुळवणीचे हत्यार घ्या. १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीव्ह जॉन्सन चिडून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. चूक दुरुस्त केली तरी ती जाईना, म्हणून त्यांची सकाळ फुकट गेली होती. वस्तुतः दुरुस्ती बरोबर होती. दुरुस्त केलेला भाग नव्याने जुळवायचाच राहून गेला होता. तशीच फजिती फेल्डमन यांची आदल्या संध्याकाळी झाली होती. तेव्हा त्यांनी ‘मेक’ नावाचे हत्यार घडवले. कोणता भाग बदलला आणि त्यापायी कोणकोणते भाग पुन्हा जुळवायला हवेत, हे ते स्वतः ताडून पाहते. ते आजही वापरात आहे. ज्याच्या बोटाला चटका बसला त्यानेच चिमटा घडवला, म्हणून तो हाताला बसला.

लिहिण्याच्या टप्प्यावर कोणी, केव्हा, काय बदलले ह्याची वही ठेवावी लागते. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली. तिचे प्रवर्तक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००२ पासून ह्या वहीसाठी ‘बिटकीपर’ हे एका कंपनीचे हत्यार घेतले. ते चांगले होते आणि फुकट मिळत होते. मात्र फुकट वापरणाऱ्याने तशा प्रकारचे दुसरे हत्यार घडवू नये, अशी अट होती. २००५ च्या एप्रिलमध्ये वाद होऊन कंपनीने ती सवलत काढून घेतली. टोरव्हाल्ड्स यांनी त्याच महिन्यात ‘गिट’ लिहावयास घेतले आणि जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती त्याच्या आधारे बाहेर पडली. आज जगातील बहुतेक सॉफ्टवेअरची वही गिटमध्ये आहे. पण टोरव्हाल्ड्स यांच्यासारखा कारागीर प्रत्येक कारखान्यात कोठून असणार?

तपासणीच्या टप्प्यावर कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ‘हडसन’ रचले. कोणी नवे काम जोडले की त्याची जुळवणी व तपासणी आपोआप करणारे हे हत्यार. २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतली आणि हडसन ह्या नावावर हक्क सांगितला. तेव्हा वापरणाऱ्यांनी व घडवणाऱ्यांनी जानेवारी २०११ मध्ये चक्क मतदान घेतले. २१४ विरुद्ध १४ मतांनी ‘जेन्किन्स’ हे नवे नाव ठरले. नाव कंपनीकडे राहिले, काम करणारे हात निघून आले. पुढे हडसन बंद पडले, जेन्किन्स चालू आहे. कामगार सभेत हात वर झालेले पाहणाऱ्या मला हा आकडा वाचून आनंद झाला, हे लपवीत नाही.

यंत्रे सज्ज करण्याच्या टप्प्यावर तेच पुन्हा घडले. हॅशिकॉर्प कंपनीने ‘टेराफॉर्म’चा मोकळा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलून स्पर्धकांवर बंधने घातली. इतर कंपन्या आमच्या श्रमावर धंदा करतात आणि परतफेड करीत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. ते निव्वळ उडवून लावण्यासारखे नाही. हत्यार घडवणाऱ्यालाही पोट आहे. तरीही मोकळ्या परवान्याखाली जे आधीच दिले होते, ते परत घेता येत नव्हते. त्याच्या आधारे ‘ओपनटोफू’ उभे राहिले आणि सप्टेंबरमध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाला गेले.

शेवटी उतरवणे आणि पहारा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल ह्या शेअर दलालीच्या कंपनीत नवे सॉफ्टवेअर आठपैकी सातच यंत्रांवर चढले होते. आठव्यावर जुनेच राहिले आणि ते भरमसाट सौदे करू लागले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. एकाने केलेले काम दुसऱ्याने पाहावे, असा लेखी नियमच तेथे नव्हता, असे सरकारी चौकशीत आढळले. बाजार उघडण्यापूर्वी यंत्राने ९७ ई-पत्रे धाडली होती. पण ती धोक्याची घंटा म्हणून रचलेलीच नव्हती, आणि त्यांवर कोणी हालचाल केली नाही. अशा वेळी एका माणसाला दोषी ठरवणे सोपे असते. दोष नियम न करणाऱ्यांचा होता.

तेव्हा तरुण मित्रांनो, हत्यार निवडताना त्याची चकाकी मागाहून पाहा. ज्याच्या हाती ते जाणार आणि ज्याला त्यापायी मध्यरात्री उठावे लागणार, त्याला विचारले होते काय? उद्या मालकाने अटी बदलल्या, तर आपले काम उचलून दुसरीकडे नेता येईल काय? घंटा वाजली, तर ती कोणाच्या कानी पडेल, आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला आहे काय? पगार आणि रजा ह्यांची बोलणी आपण करतोच. ह्या प्रश्नांनाही बोलण्यांच्या टेबलावर जागा मिळाली पाहिजे. मागापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला १९२८ साली कोणी विचारले नाही. तुम्हांला कोणी विचारील म्हणून वाट पाहत बसू नका.