एका पैशाची काच

दिवेलागणीच्या आधी आजी खुंटीवरचा कंदील खाली घ्यायची. काच काढायची, तोंडाशी धरून आत हाऽ करून वाफ सोडायची, चुलीतली चाळलेली राख आणि वर्तमानपत्राचा बोळा आत फिरवायची. बोटांना काजळी लागायची आणि काच लख्ख व्हायची. तळेगावात वीज कधीच आली होती, पण ती संध्याकाळी जायची हेही ठरलेलं होतं. मी मध्ये लुडबुडले की आजी म्हणायची, "काच जपून गं बाय, पैशापैशानं उभी राहिलीय ती." मला वाटायचं, काटकसरीचंच काहीतरी बोलतेय. पैसा फंडाचा काच कारखाना आमच्या गावचा, त्याचं नाव रोज कानावर पडायचं. रोज कानावर पडणाऱ्या नावाचा अर्थ कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही.

तो विचारला पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही जपानमध्ये.

माझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षांची नोकरी सोडली. मी कॉलेजातून वर्षभराची बिनपगारी रजा काढली. मुलगी शिकायला बाहेर होती. घरचे म्हणाले, चारधाम करून या. आम्ही जपान ठरवलं. आमच्या पिढीला तो देश पु. लं.च्या 'पूर्वरंग'मुळे ओळखीचा, आणि दोघांच्याही मनात तिथे जायचं कॉलेजपासून राहून गेलं होतं. निघण्याआधी रिवाजाप्रमाणे कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला गेलो आणि देवळाला लागूनच असलेल्या चैत्यगृहात शिरलो. इथे मी लहानपणापासून किती वेळा आले असेन, पण त्या दिवशी मान वर करून खांबांची शीर्षं नीट पाहिली. गुडघे टेकलेले हत्ती, आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. दोन हजार वर्षं ती निघायच्या तयारीत बसली आहेत. "आपल्या आधीच निघालेत हे," नवरा म्हणाला.

त्या खांबांवरचे ब्राह्मी लेख काय सांगतात, ते मी त्यानंतर वाचून काढलं. वैजयंतीच्या भूतपाल शेटीने हे शैलगृह, जंबुद्वीपातलं सर्वोत्तम, पुरं केलं असा एक लेख आहे. पण सगळं एकट्या शेटीचं नाही. धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी एकेक खांब दिला आहे, आणि त्यांतले कित्येक यवन, म्हणजे ग्रीक, आहेत. दाराचं काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचंही नाव कोरलं आहे. याच लेण्यातल्या लेखांत 'मामाल' हा शब्द येतो, तोच आपला मावळ. म्हणजे आमच्या तालुक्याचं नाव दगडावर उमटलं ते वर्गणीदारांच्या संगतीत. एवढं डोक्यात घेऊन आम्ही विमानात बसलो.

आमचा प्रवास सत्तर दिवसांचा होता. २०२३च्या ऑक्टोबरात परदेशी पाहुण्यांचा सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. त्यामुळे बुलेट ट्रेनचा नाद सोडला आणि साध्या, प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या गाड्यांनी फिरलो. लोणावळा लोकलने आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात काही जड नाही. क्योतोबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते तीन ठिकाणांबद्दल.

पहिलं नारा. तिथल्या तोदाइजी मंदिरातला काशाचा बुद्ध जवळपास १५ मीटर उंच आहे. इ. स. ७४३मध्ये सम्राट शोमूने ही मूर्ती घडवायचं फर्मान काढलं, त्यात एक वाक्य असं आहे की कुणाला गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन हातभार लावायचा असेल तर त्यालाही लावू द्यावा. ७५२मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तो बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून. त्याच्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून उघडले. पुढे मंदिर दोनदा जळलं, ११८०मध्ये आणि १५६७मध्ये. दुसऱ्या आगीनंतर मूर्ती शंभराहून जास्त वर्षं धड छपराशिवाय राहिली. शेवटी कोकेई नावाचा भिक्षू वर्गणी मागत देशभर हिंडला. अशा वर्गणीला जपानीत 'कांजिन' म्हणतात आणि तिचं जुनं मागणं असं: एक कागद, अर्धं नाणं. त्याहून जास्त कुणाकडे मागायचं नाही. कोकेई १७०५मध्ये वारला, आजचं भव्य सभागृह १७०९मध्ये उभं राहिलं. त्याने ते पाहिलं नाही.

दाराशी आजही छपराची कौलं मांडलेली असतात. थोडे येन द्यायचे, कुंचल्याने कौलावर नाव लिहायचं, डागडुजीच्या वेळी ते कौल वर चढतं. समोरच्या आजीबाईंनी शाई पुढे केली. मी देवनागरीत आमची दोघांची नावं लिहिली आणि खाली लिहिलं: तळेगाव दाभाडे, मावळ. लिहिता लिहिता हात थांबला. एक कागद, अर्धं नाणं. एक पैसा. आजीचा शब्द आठवला.

त्या रात्री मुक्कामावर दोघंही मोबाइलवर पैसा फंड वाचत बसलो. आपल्या गावाचा इतिहास परक्या देशात शोधावा लागतो याचं मला वाईट वाटलं. ज्या वयात सहज सांगितला असता तर पक्का बसला असता, त्या वयात शाळेत तो आम्हाला कुणी सांगितला नाही.

तो असा. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अगदी साधी होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. आजच्या वाचकाला हिशेब सांगायला हवा: सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा. म्हणजे चौसष्ट माणसांकडे हात पसरला तर एक रुपया. लाख माणसांनी दिला तरी १,५६२ रुपये ८ आणे. काळे गावोगाव हिंडले ते या हिशेबाने. धनिकाच्या एका सहीने हे काम झटकन झालं असतं, पण मग कारखाना त्या धनिकाचा झाला असता. काळ्यांना तो पैसा देणाऱ्या प्रत्येकाचा हवा होता. माझ्या मते मोठेपणा यातच आहे. कोकेईने लाकडी पळीत नाणी गोळा केली आणि काळ्यांनी पैसे, एवढाच मला त्या दोघांत फरक दिसतो.

१९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काचच का? कारण घरोघरी लागणारी काच, बांगड्या, कंदिलाच्या काचा, बाटल्या, तेव्हा ऑस्ट्रिया-जर्मनीसारख्या देशांतून बोटीने यायची. सुवासिनीच्या हातातलं काकणसुद्धा परदेशी होतं. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाची होळी करता येत होती, कारण देशी कापड विणता येत होतं. काच मात्र फोडून टाकली तर तिच्या जागी देशी काच करणार कोण? वाळू आपल्याकडे होती, चुना होता. सोडा, चौदाशे-पंधराशे अंशांची भट्टी आणि ती राखणारी अक्कल हवी होती.

ती अक्कल जपानहून आली. १९०५मध्ये जपानने रशियाला हरवलं आणि आपल्याकडच्या तरुणांची नजर पूर्वेला वळली. इंग्लंडला जायचं ते बॅरिस्टर व्हायला, हुन्नर शिकायला जपान, असं वारं होतं. टोकिओत सुमिदा नदीकाठी कुरामाएला उच्च तांत्रिक शाळा होती, तिथे हिंदी विद्यार्थी दाखल होत. अशा तरुणांतले एक ईश्वरदास वार्ष्णेय. मूळचे संयुक्त प्रांतातले, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातले. काचेचं काम ते जपानमध्ये शिकले, पुढे अमेरिकेतही शिकले, आणि परत आल्यावर थेट आमच्या तळेगावात कारखाना उभा करायला आले. उत्तरेतला मुलगा जपानमार्गे मावळात आला, आणि ज्यांनी बोलावलं त्या टिळकांना त्याच वर्षी, जुलै १९०८मध्ये, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे ते मंडालेकडे रवाना झाले. तरी भट्टी पेटली. त्याच तळेगावात विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. राष्ट्रीय शिक्षण देणारी ती शाळा सरकारने १९१०मध्ये बंद पाडली. कारखाना मात्र टिकून राहिला.

दुसरं ठिकाण इनुयामा. नागोयाजवळच्या या गावी मेइजी-मुरा आहे. मेइजी काळातल्या इमारती उचलून आणून तिथे पुन्हा उभ्या केल्या आहेत. तिथली लाल विटांची एक इमारत म्हणजे टोकिओतल्या शिनागावाचा काच कारखाना. मी तिच्यासमोर बराच वेळ बसले. १८७३मध्ये हा कारखाना निघाला, थोड्याच वर्षांत सरकारने ताब्यात घेतला आणि शिकवायला इंग्रज कारागीर आणले. म्हणजे वार्ष्णेय शिकायला गेले तेव्हा जपानलाही ही विद्या येऊन जेमतेम तीस वर्षं झाली होती. आणखी एक गोष्ट. शिनागावाचा कारखाना धंदा म्हणून कधी नीट चालला नाही. सरकारने तो १८८५मध्ये विकला आणि १८९२मध्ये तो बंद झाला. पण तिथे तयार झालेले कारागीर टोकिओ-ओसाकात पांगले आणि त्यांनी जपानचा काचधंदा उभा केला. तळेगावचंही तेच. इथे शिकलेली माणसं देशभरच्या काच कारखान्यांत गेली. वार्ष्णेय स्वतः पुढे उत्तर प्रदेशात बहजोईच्या कारखान्यात रमले. इकडे साताऱ्याकडे ओगल्यांनी काच कारखाना काढला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. आमच्या खुंटीवरचा कंदीलही प्रभाकरच होता. त्याची काच तळेगावची की ओगलेवाडीची, हे आता सांगायला आजी नाही. तिच्या मनाने ती पैसा फंडाचीच होती.

तिसरं ओतारू, होक्काइदोच्या किनाऱ्यावरचं बंदर. हेरिंग माशांच्या जमान्यात इथे कोळ्यांच्या जाळ्यांना काचेचे पोकळ गोळे लागत आणि घरांना रॉकेलचे दिवे. त्यातून १९०१मध्ये तिथे काचेचा धंदा सुरू झाला. माशांचं एक जुनं दगडी गोदाम आता उपाहारगृह आहे. आत विजेचा दिवा नाही, १६७ रॉकेलचे दिवे आहेत. सकाळी उघडायच्या आधी ते एकेक करून लावतात आणि आलेल्याला ते पाहू देतात. आम्ही लवकर जाऊन बसलो. एक मुलगी हातात पेटती वात घेऊन ओळीने निघाली. काच उचलायची, वातीला ज्योत लावायची, काच परत बसवायची, ज्योत थोडी कमी करायची. तिच्या मनगटाची ती हालचाल मी ओळखली. आधी रॉकेलचा वास आला, मग हळूहळू गोदामभर पिवळा उजेड पसरला. मला रडू आलं. नवऱ्याने काही विचारलं नाही, नुसता हात धरला.

दुपारी एका कारागिराच्या दुकानात मी स्वतः फुंकून पाहिलं. लांब लोखंडी नळीच्या टोकाला त्याने भट्टीतून नारिंगी रसाचा गोळा उचलून दिला. मधाच्या पोळ्यातून निथळणाऱ्या मधासारखा तो लोंबत होता. नळी सतत फिरवत ठेवायची, थांबली की गोळा एका अंगाला कलंडतो. मी फुंकलं, काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा गाल दुखेस्तोवर फुंकलं तेव्हा आत लिंबाएवढी पोकळी दिसली. पेला झाला आणि मी घ्यायला हात पुढे केला. तो म्हणाला, उद्या. काच एकदम गार झाली तर बाहेरची कातडी आधी आवळते, आत ताण राहतो आणि कधीतरी टेबलावर ठेवल्या ठेवल्या ती तडकते. म्हणून ती दुसऱ्या, मंद भट्टीत रात्रभर हळूहळू निववायची. आम्हाला घाई नव्हती. ओतारूचा मुक्काम एका दिवसाने वाढवला.

तो पेला आता तळेगावात ओट्यावर आहे. थोडा वाकडा आहे, पण पाणी पितो आम्ही त्यातून. परत आल्यावर मी आधी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे गेले. दोघातिघांना पैसा फंड आठवत होता, आणि सांगताना त्यांचे आवाज बदलले. एका काकांच्या वडिलांनी भट्टीवर काम केलं होतं. "त्यांच्या हाताच्या केसांचा कायम जळका वास यायचा," ते म्हणाले. असं कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. अजून दहा वर्षांनी ते सांगणारंही कुणी नसेल.

म्हणून तळेगावकरांना, आणि मावळातून पुण्या-मुंबईला गेलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. घर रिकामं करताना, वाडा पाडताना, माळ्यावर पैसा फंडाची एखादी पावती सापडली, जुनी बाटली, कंदिलाची काच, भट्टीवरच्या माणसांचा एखादा पिवळा पडलेला फोटो सापडला, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. आधी त्याचा नीट फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुणाचं, आणि ते जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. आणि ती वस्तू गावच्या वाचनालयात नेऊन द्या.