धूसर दृष्टीचें मूळ

उतारवयांत दृष्टि मंदावली कीं आपण तत्काळ मोतीबिंदूचें नांव घेतों. परंतु डोळ्याच्या अगदीं पुढें, घड्याळाच्या काचेप्रमाणें बसलेला जो पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, तोहि म्हातारपणीं गढूळ होतो. या गढूळपणाच्या एका प्रकाराचें मूळ कसें सांपडलें, तें आज पाहूं.

१९१० सालीं व्हिएन्नाचे नेत्रवैद्य अर्न्स्ट फुक्स यांनीं १३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही पारपटलें मध्यभागीं धुरकटलेलीं, त्यांवर बारीक फोड, आणि स्पर्शाची जाणीव मंदावलेली. फोड बाहेरून दिसत. म्हणून रोगाला नांवहि बाहेरच्या पापुद्र्यावरूनच मिळालें. मूळ मात्र आंत होतें.

तें दिसण्यास प्रकाशाची नवी रीत हवी होती. १९११ सालीं स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रांड यांनीं फटीवाटे प्रखर प्रकाश टाकणारा दिवा पुढें मांडला. त्याच्या झोतांत जिवंत पारपटलाचे थर जणूं कापून दाखविल्यासारखे उलगडतात. या दिव्याच्या साहाय्यानें १९२१ सालीं स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड फोग्ट यांनीं आंतल्या पृष्ठभागावरील थेंबांसारख्या उंचवट्यांचें वर्णन केलें.

तेथें पेशींचा एकच थर असतो. पारपटलांत झिरपणारें पाणी तो अहोरात्र बाहेर उपसतो. या पेशी मेल्या तर त्यांची जागा भरून काढण्यास नव्या पेशी सहसा निर्माण होत नाहींत. त्या फार घटल्या कीं पाणी सांचतें, पडदा सुजतो आणि शेवटीं बाहेर फोड येतात. १९६८ सालीं डेव्हिड मॉरिस यांनीं याच पेशी न कापतां पाहण्याचें सूक्ष्मदर्शक यंत्र वर्णिलें. पुढें अशा यंत्रांनीं रुग्णाच्या पेशी मोजतां येऊं लागल्या. २०१० सालीं या रोगाचा टीसीएफ४ या जनुकाशीं संबंधहि आढळला.

तरीहि निदानाचा पहिला धागा रुग्णाच्या बोलण्यांतच असतो. रात्रीं पापण्या मिटलेल्या असल्यानें पडद्यांतील पाणी उडून जात नाहीं. म्हणून सकाळीं अंधुक दिसतें आणि दुपारपर्यंत निवळतें. मोतीबिंदु असा वेळ पाहून निवळत नाहीं. दोन्ही विकार एकाच डोळ्यांत असूं शकतात, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत या पेशी आणखी कांहीं घटतात. म्हणून घरांतील वडील माणसें "सकाळीं धुकें दिसतें" म्हणालीं, तर तें वयावर ढकलूं नये. शस्त्रक्रियेपूर्वीं तें वैद्याच्या कानीं अवश्य घालावें.